बारले पानी लागला

मागच्या महिन्यात तहसिलीतले दोन तरुण मास्तर घरी आले होते. तिरोड्याला शिक्षकांची सभा भरायची होती आणि तिथं मी 'मुलांचे शुद्धलेखन का घसरत आहे' यावर बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. निवड चुकली होती असं मी म्हणणार नाही. तेहतीस वर्षं मी या भागात मास्तरकी केली, आणि शुद्धलेखनावरून मी जेवढी ओरड केली तेवढी दुसऱ्या कुणी केली नसेल. लग्नपत्रिका हातात आली की मी मुहूर्त नंतर बघतो, आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो. गोंदियाच्या बाजारात बायको साखर आणायला पाठवते, आणि मी दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका घेऊन परत येतो.

'विचार करून सांगतो' म्हणून त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसलो. पहिलं वाक्य झरकन आलं : पूर्वीची मुले असे लिहीत नसत. तिथंच टाक अडला.

आमच्या शाळेत तपासणीला येणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या शेऱ्यांची एक जुनी वही होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी कपाट आवरताना मी ती वाचून काढली होती. सर्वांत जुना शेरा माझ्या जन्माच्या आधीचा. मुलांचं लेखन पूर्वीसारखं शुद्ध राहिलं नाही, असं त्यात साहेबांनी म्हटलं होतं. त्यांच्यानंतरच्या साहेबांनी तेच म्हटलं, त्यांच्यानंतरच्यांनीही तेच. मी नोकरीतून निघालो त्या वर्षीचा शेरा काढून बघितला, तोही तोच. म्हणजे साठेक वर्षं शुद्धलेखन सारखं घसरतंय आणि तळ काही लागत नाही. घसरायला सुरुवात झाली ती उंच जागा कोणती, हे त्या वहीत कुठंच सापडत नाही.

मला मात्र ती जागा ठाऊक होती. मी स्वतःच तिथं बसलोय असा माझा समज होता. त्या समजापायी मी काय केलं ते आठवलं आणि कागद बाजूला सारला. त्या दोघा मास्तरांना कंबर धरल्याचा निरोप धाडला. कंबर ठणठणीत आहे. सभेत जे सांगता आलं नसतं ते इथं लिहितो. लिहिताना जुन्या वळणाची, उच्चारात नसलेली टिंबं मी जाणूनबुजून गाळली आहेत. कुणाला ती चूक वाटली तर वाटो.

मी काही पुण्याहून आलेला नव्हे. आमच्या घरी आम्ही पानी प्यायचो, डोऱ्यांनी बघायचो आणि सारेत शिकायला जायचो. आमच्या या झाडीपट्टीतल्या जिभेवर ण आणि ळ बसत नाहीत. ण चा न होतो, ळ चा र. आणि आमच्या बोलीत लिंगं दोनच, बाई आणि बाप्या. नपुंसकाचं आमच्याकडे काम पडत नाही. पाणी तो, दूध तो, सगळा संसार असाच बाप्यांनी भरलेला.

मास्तरकीच्या शिक्षणासाठी नागपूरला नॉर्मल स्कुलात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाचायला उभं केलं. 'तळ्यात कमळ फुलले' असं पुस्तकात होतं. मी खणखणीत आवाजात वाचलं, 'तऱ्यात कमर फुलली.' वर्गातली देशावरची मुलं बाकांवर हात आपटून हसली. गुरुजीही हसले. वर्षभर माझं नाव 'कमर' पडलं. जेवणाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारायचं, 'काय कमर, फुलली का?'

वसतिगृहामागे विहीर होती. तिच्या काठावर बसून मी महिनोन्‌महिने ळ घोकला. जीभ सोलून निघेल असं वाटायचं. शेवटी ळ आला, ण आला, नपुंसकलिंग आलं, आणि त्यांच्याबरोबर एक माजही आला. जे मला सोसावं लागलं ते मी विसरलो नाही. ते कुणावर तरी काढायची वाट बघत राहिलो एवढंच.

मिळाली ती बायको. तिचं माहेर नवेगाव बांधच्या तळ्याकडचं, चारी बाजूंना जंगल. लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. मी हौसेनं पाटी-पेन्सिल आणली आणि चुलीपुढं बसवून तिला शिकवायला लागलो. माझी आई बडबडायची, 'आता सून का तहसीलदार होऊन राहिली काय?' पण पोरगी हुशार होती. वर्षभरात वाचायला लागली, लिहायला लागली. अक्षर तर माझ्याहून वळणदार.

मात्र लिहायची ती बोलायची तसं. आणि मी तिथं काठी घेऊन बसलेला. काही शब्दांना मी कागदावर बंदी केली होती. हिर लिहायचं नाही, विहीर लिहायचं. मले नाही, मला. आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा ती त्याला लेकरू म्हणायची, सगळं गाव म्हणतं तसं. मी सांगितलं, 'लेकरू हा अडाण्यांचा शब्द. कागदावर बाळ लिहायचं.' ती म्हणाली, 'बार.' मी म्हणालो, 'बार नव्हे, बाळ.' ती पुन्हा म्हणाली, 'बार.' मी कपाळाला हात लावला. ती हसली. त्या वेळी तिला माझं हसू यायचं.

ही गोष्ट पहिली जर्मन लढाई संपून दोन-तीन वर्षं झाल्यावरची. मुलगा दहा महिन्यांचा होता आणि तिच्या भावाचं लग्न निघालं. माघात ती मुलाला घेऊन माहेरी गेली. लग्न उरकल्यावर मी परत आलो, ती महिनाभर राहणार होती. निघताना मी तिला कोरे कागद आणि लिफाफे दिले आणि एक करार केला. तिनं दर आठवड्याला पत्र लिहायचं, मी ते लाल शाईनं तपासून परत पाठवायचं आणि चुकलेला शब्द तिनं दहा दहा वेळा लिहायचा. त्या काळी नवरा-बायकोनं एकमेकांना पत्रं लिहिणं हेच आमच्याकडे आगाऊपणाचं होतं. मी त्यातही शाळा भरवली.

पहिलं पत्र दोन पानांचं होतं. नव्या नवरीचं कौतुक, तळ्यावर आलेली पाखरं, मुलगा आता धरून उभा राहतो, आणि बाबानं बारीत हिर खनाले लावली. बारी म्हणजे घरामागची भाजीपाल्याची जागा. हा शब्द मी कसाबसा चालू दिला, कारण 'परस' म्हटलं असतं तर तिच्या घरी कुणाला कळलं नसतं. बाकी सतरा चुका निघाल्या. मुलगा धरून उभा राहतो हे मी वाचलं होतं का, असं आता स्वतःला विचारतो. वाचलं होतं. 'राहते' च्या जागी 'राहतो' मीच केलं होतं.

दुसरं पत्र एका पानाचं आलं. त्यातलं अर्धं पान दहा दहा वेळा लिहिलेल्या शब्दांनी भरलं होतं. तिसरं पत्र आलं ते तीन ओळींचं.

'बारले पानी लागला. बाबा तुमाले बलावते. लवकर याव.'

पाणी लागणं मराठीत दोन तऱ्हेचं. विहीर खणताना झरा फुटला की पाणी लागतं. आणि परक्या जागेचं पाणी सोसलं नाही, ताप-हगवणीनं धरलं, की तेही पाणी लागणंच. जंगलातलं, तळ्याकाठचं पाणी तर त्यासाठी नावाजलेलं. आमच्या भागातलं शेंबडं पोरही हे जाणतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण मी अर्थ वाचतच नव्हतो. मी चुका वाचत होतो. 'बारले' हा शब्द बघितला आणि मनात म्हटलं, असा शब्द नाही. 'बारीले' असणार, वेलांटी खाल्ली. बारीत विहीर चालू आहे, तिला पाणी लागलं, सासरे जावयाला पूजेला बोलावतात. सगळं जुळलं. मी लाल शाईचा टाक घेतला आणि 'र' ला ठसठशीत वेलांटी दिली. त्या एका वेलांटीनं मी माझं मूल पत्रातून पुसून टाकलं.

मग 'ले' खोडून 'स' केला. पानी चं पाणी केलं. 'लागला' चं 'लागले' करून त्यावर त्या काळच्या रीतीनं टिंब दिलं. 'बलावते' चं 'बोलावितात' केलं. तीन ओळींत आठ चुका! खाली माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं : 'पाणी लागले हे वाचून आनंद झाला. तपासणी तोंडावर असल्यामुळे येणे होत नाही. चुकलेले शब्द दहा वेळा लिहून पाठवावेत.' आणि त्याच दिवशी ते पत्र डाकेत टाकलं. आळस म्हणून मला ठाऊकच नव्हता.

त्यानंतर सहाव्या की सातव्या दिवशी मी चौथीला शुद्धलेखन घालत होतो. दारात कुणीतरी उभं राहिलं. बघतो तर माझा मेव्हणा, ज्याचं लग्न झालं तो. हळदीचे डाग पडलेला लग्नातला सदरा अंगावर होता, पायात जोडे नव्हते. जागरणानं डोळे लाल झालेले. नमस्कार नाही, काही नाही.

'मास्तर, तुमी काऊन नाई आले? दोन रोज दमनी टेसनावर उभी होती.'

मी म्हणालो, 'कशाला?'

'कायले म्हंजे? लेकराचा ताप उतरून नाई राहिला. डोरे पांढरे करते.'

आणि मी विचारलं, 'कोणाच्या लेकराचा?'

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, 'तुमच्या.'

वर्ग तसाच सोडून मी निघालो. तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून छोटी गाडी. गाडीत त्यानं मला सगळं सांगितलं. माझं पत्र आलं तेव्हा सगळं घर अंगणात गोळा झालं होतं. घरात तिच्याशिवाय वाचता येणारं कुणी नव्हतं. मूल मांडीवर होतं. तिनं लिफाफा फोडला, पत्र वाचलं आणि पुन्हा घडी घातली. सासऱ्यांनी विचारलं, 'काय म्हनते जवाई?' तेव्हा ती म्हणाली, 'येऊन राहिले म्हनते.'

म्हणून त्यांनी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपून स्टेशनावर पाठवली. पहिल्या दिवशी रिकामी आली. तिला विचारलं तर म्हणाली, गाडी चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही रिकामी आली. तेव्हा मेव्हणा निघाला.

'येतो म्हनून लिवले अना मंग काऊन नाई आले?' हे त्यानं मला गाडीत दोनदा विचारलं. पत्रात काय होतं हे तिनं भावालाही सांगितलं नव्हतं. ते सांगायची संधी मला होती. मी म्हणालो, 'तपासणी होती.'

पोहोचलो तेव्हा दुपार होती. मेव्हण्याकडून कारण ऐकून सासऱ्यांनी स्वतः पाय धुवायला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, 'जवाईबापू, तपासनी सोडून याव लागला तुमाले.' त्यांनी शिवी दिली असती तर मी त्यांचा उपकार मानला असता.

ती आतल्या खोलीत मुलाला घेऊन बसली होती. मुलाचे डोळे खोल गेलेले, ओठांवर कोरड. दहा महिन्यांचं गुटगुटीत पोर, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. बापानं अशा वेळी काय बोलावं हे कुठल्या व्याकरणात लिहिलेलं नसतं, पण कुणालाही ते येतं. मला आलं नाही. मी तिला म्हणालो, 'तू ळ का नाही काढलास?'

हे मी खरंच म्हणालो. आज पंचवीस वर्षं झाली, पण त्या वाक्यातला एक कानामात्रा मी विसरलो नाही.

तिनं वर बघितलं. रागावली नव्हती. मला वाटतं, तिला रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. म्हणाली, 'तुमीच त म्हनत होते, लेकरू नोको लिवू, बार लिव.'

लेकरू लिहिलं असतं तर मला कळलं असतं. 'लेकराले पानी लागला' वाचून मी अनवाणी धावत सुटलो असतो. माझी मर्जी राखण्यासाठी, पोर तापानं फणफणत असताना, तिनं आठवून आठवून माझा शुद्ध शब्द लिहिला होता. तिच्या तोंडात तो जसा होता तसा लिहिला होता. आणि तेवढ्यासाठी तो मला वाचता आला नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, 'मले वाटला, इतक्या चुका झाल्या म्हनून तुमी रागानं तसा लिवले.' म्हणजे 'आनंद झाला' हे. पोर आजारी पडलं हे वाचून नवऱ्यानं आनंद झाला असं लिहावं, आणि बायकोला ते तिच्या चुकांची शिक्षा म्हणून खरं वाटावं! मी तिच्या मनात स्वतःचं असं चित्र तयार करून ठेवलं होतं, आणि ते एका दिवसात तयार झालं नव्हतं. पाटीपुढं बसवून मीच ते रोज थोडं थोडं गिरवलं होतं.

मूल वाचलं. डाकघरात कुनैनच्या पुड्या मिळायच्या, त्या मेव्हण्यानं आणल्या होत्या, त्यांनी ताप उतरला. आठ दिवसांनी ते पेज प्यायला लागलं. त्या पत्राचं काय झालं ते मी विचारलं नाही. चुलीत गेलं असावं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. माणूस चुकतो, ठेच लागते, शहाणा होतो, असं मी मुलांना निबंधात लिहायला लावत असे. मी शहाणा झालो नाही. मी त्या गोष्टीचा धडा केला.

त्यानंतर वर्षानुवर्षं, चौथीच्या वर्गात ळ आणि र शिकवताना, मी मुलांना सांगायचो : एका बाईनं 'बाळ' च्या जागी 'बार' लिहिलं, आणि त्या एका अक्षरापायी मूल दगावता दगावता वाचलं. म्हणून शुद्ध लिहा. मुलं हसायची. मी 'बार' शब्दावर असा हेल काढायचो की त्यांनी हसावंच. नागपूरला माझ्यावर हसलेला तो वर्ग मी दरवर्षी आमच्या गावात भरवत होतो. त्या गोष्टीत तपासणारा नवरा कधीच नसायचा. कोळसा उगाळावा तितका काळाच, पण मी तो चंदन म्हणून उगाळत होतो.

मुलगा चौथीत आला तेव्हा त्यालाही वर्गात बसून तो धडा ऐकावा लागला. ती बाई कोण आणि ते मूल कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं घरी जाऊन हसत हसत आईला सांगितलं. मी जेवत होतो. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि मुलाला म्हणाली, 'मंग वाचला ना लेकरू? झाला त.' तरी पुढच्या वर्षी मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. दुसरी सुचली नाही.

तिनं मला पुन्हा पत्र लिहिलं नाही. माहेरी गेली की निरोप माणसाकरवी यायचे. भांडण नाही, अबोला नाही. संसार चारचौघांचा होतो तसा झाला. लिहायला ती विसरली असेल असं मी धरून चाललो होतो.

ती विसरली नव्हती. मुलगा रेल्वेत कारकून होऊन गोंदियाला राहायला गेला, तेव्हापासून ती त्याला दर आठवड्याला कार्ड टाकत होती. शेजारच्या पोरीकडून कार्डं मागवायची, मी बाहेर गेलो की लिहायची. हे मला कळलं ते गेल्या हिवाळ्यात.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. थंडीत गोंदियाला डोळ्यांचे डॉक्टर येऊन काही दिवस राहायचे, त्यांच्याकडून तो काढून घेतला. डोळा एकच कापला, पण पट्टी दोन्हींवर. नंतर मुलाच्या घरी खाटेवर उताणा पडून होतो. बायको गावीच होती, धान चुरायचं, मळायचं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, 'मायचा कारड आला.' मी म्हणालो, 'कोणाकडून लिहवून घेतलं?' तो म्हणाला, 'तेच लिवते. नेहमी लिवते.'

त्यानं वाचून दाखवलं. मुलगा वाचत होता आणि खोलीत ती बोलत होती. 'धान चुरून झाला. गाय येली, गोऱ्हा झाला. मास्तराले सकारी लवकर भूक लागते, तोंडानं सांगत नाई, त्याहीले उपासी नोको ठेवजो. त्याहीले सांगजो, डोरा चोराचा नाई.' डोळा चोळायचा नाही! मुलगा हसायला लागला, सून हसायला लागली, मीही हसलो. डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती.

या वेळी मात्र दहा दिवसांत तीन कार्डं आली. प्रत्येक मी दोन-दोनदा वाचून घेतलं. एकही अक्षर मला अडलं नाही. ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं हे दिसतच नव्हतं, फक्त माणूस ऐकू येत होतं. मोजक्या ओळींत इतकं जिवंत लिहिणारी बाई माझ्या घरात होती. माझ्या हाताखालून हजार-दीड हजार मुलं गेली असतील. अशी तीन वाक्यं त्यांतल्या कितींना आली असती, मला सांगता येणार नाही. मला स्वतःला तर आली नसतीच. ही पत्रं मला यायला हवी होती. पंचवीस वर्षांची पत्रं. ती कुणी हिरावून नेली नव्हती, मीच लाल शाईत बुडवली होती.

पट्टी सुटली तेव्हा मी डाव्या डोळ्यानं, मोठमोठ्या अक्षरांत तिला पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्राबद्दल लिहिलं, आठ चुकांबद्दल लिहिलं, वर्गातल्या गोष्टीबद्दल लिहिलं. माफी मागितली. सुनेनं वाचू नये म्हणून लिफाफ्यात घालून चिकटवलं आणि वर बायकोचं नाव घातलं. टाकल्यावर छाती हलकी झाली. उत्तराची वाट बघायला लागलो.

उत्तर आलं नाही. मुलाला यायचं कार्डही आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मुलगा रोज डाकवाल्याला विचारायचा. शेवटी एके दिवशी तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला.

'बाबा, तुमी मायले काय लिवले?'

'काही नाही,' मी म्हणालो.

त्याची नजर मी ओळखली. शाळेच्या दारात अनवाणी उभ्या राहिलेल्या त्याच्या मामाची तीच नजर होती.

गावी पोहोचलो तेव्हा ती अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. डोळा कसा आहे विचारलं, उन्हात उभे राहू नका म्हणाली. आत गेलो तर देवाच्या फळीवर माझा लिफाफा. न फोडलेला. मी तो घेऊन बाहेर आलो आणि विचारलं, 'उघडलं का नाहीस?'

ती तांदळातून खडे काढत राहिली. मग म्हणाली, 'तुमी पोराच्या घरी होते. माहे कारड पाहिले असान. मले वाटला, चुका काढून धाडले.'

'म्हणून पोराला लिहिणं थांबवलंस?'

'मंग? त्याच्या घरी सुनेपुढं कायले शोभा?'

मी तिथंच पायरीवर बसलो. लिफाफा फोडला आणि तिला वाचून दाखवायला लागलो. पत्र चांगलं दोन पानांचं होतं, आणि त्यातलं एकेक वाक्य तोंडानं म्हणताना मला कळत होतं की ते किती पुस्तकी आहे. 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य प्रमादाबद्दल' असं मी लिहिलं होतं. बायकोला. प्रमाद म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी थांबून सांगितलं, 'प्रमाद म्हणजे चूक.' तिनं मान हलवली. वर्गात कुणी शब्दार्थ सांगितल्यावर मुलं हलवतात तशी.

संपलं. तिनं सूप झटकलं.

'एवढाच होता काय?' ती म्हणाली. 'मंग उघड्या कारडावर लिवले असते त वाचली असती.'

ती उठून आत गेली, भात चढवला.

चार दिवसांनी तिनं मुलाला कार्ड लिहिलं. मी घरातच होतो, तरी लिहिलं, पण माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यावर पाटी ठेवून. लिहून झाल्यावर शेजारच्या पोरीला हाक मारली आणि डाकेत टाकायला दिलं. मला दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.